बोलता बेडूक

५ जानेवारी, रविवार. अल ऐन

ही वही हिबाच्या सांगण्यावरून. याला फील्ड नोट्स म्हणतात. तारीख, जागा, हवा, काय दिसलं, आणि काय दिसलं नाही तेसुद्धा. हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला 'जे नाही त्याचीही नोंद ठेव' हे शिकवायला नको. पण मुलगी शिकवायला लागली की बापानं गुपचूप शिकावं.

आमची हिबा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात सॅलॅमँडर शोधते. दिसायला पालीसारखा, पण कातडी ओली आणि नातं बेडकाशी. थंड ओढ्यातला दगड उचलायचा, खाली हा बसलेला. ती फोटो काढते आणि दगड होता तसा परत ठेवते. त्यावर तिची पीएचडी. आज सकाळी व्हिडिओ कॉलवर एक लालभडक दाखवला. मी म्हटलं, आमच्या इथल्या डोंगरातही पाणी आहे, मी शोधतो तुझ्यासाठी एखादा.

हसली. "अब्बा, देअर आर नो सॅलॅमँडर्स इन यूएई. झीरो! ओन्ली टू टोड्स."

दोन म्हणजे दोन जाती. एवढ्या मोठ्या देशात ओल्या कातडीचे हे दोनच रहिवासी, आणि दोघंही बेडूक. मग म्हणाली, तिला तिच्या लेक्चरसाठी एक फोटो हवाय. अरबी टोडचा नर गळ्याखालची पिशवी फुगवून बोलतो, तो नेमका तेव्हाचा. पुढं बरंच काही बोलली, ते कळलं नाही. या इंटरनेटच्या कॉलवर हल्ली आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. शेवटी झुबेदानं फोन घेतला आणि पुढचं मला ओरडून सांगितलं.

झुबेदा हल्ली सगळंच ओरडून सांगते. मीठ द्या, हेही ओरडून. पन्नाशीनंतर बायकांचा स्वभाव बदलतो म्हणतात, तसं असावं. निकाह झाला तेव्हा तिचा आवाज इतका मऊ होता की आमच्या आईला वाटलं होतं, मुलगी मुकी आहे की काय.

हिबाचा जुना कॅमेरा कपाटातून काढून चार्जिंगला लावला.

११ जानेवारी, शनिवार. शौका गावाच्या पलीकडची वादी

हवा छान. चोवीस डिग्री. वारा नाही.

आमच्या दापोलीकडं वाडी म्हणजे दहा-पंधरा घरं, एक मशीद आणि दोन चालू भांडणं. इथं वादी म्हणजे डोंगरातून उतरलेली नदी, बहुतेक वेळ कोरडी. ही मात्र अगदी कोरडी नसते. गोट्यांमधून हातभर रुंद पाणी वाहतं, मध्येमध्ये डोह, काठानं कण्हेर फुललेली. पाण्यात पाय सोडले की बोटभर मासे येऊन टाचा कुरतडतात. झुबेदा लहान मुलीसारखी हसत होती.

अल ऐनहून दोन तास ड्राइव्ह. मग दोन तास शोध. दगड उचलून, परत ठेवून, अगदी हिबाच्या पद्धतीनं. मला एकही बेडूक सापडला नाही. झुबेदा थर्मास घेऊन एका खडकावर बसली होती, तिला बसल्या जागी तीन सापडले. नुसतं बोट करायची. "तो बघा, त्या कण्हेरीच्या मुळाशी." जाऊन बघावं तर खरंच तिथं! अर्ध्या मुठीएवढा, राखाडी-हिरवा, अंगावर पुळ्या, डोळे मात्र सोन्याचे.

विचारलं, एवढ्या लांबून तुला दिसतो कसा?

म्हणाली, "दिसतो कुठं? बोलतोय की तो."

मी म्हटलं, मी त्याच्यासमोर दोन मिनिटं बसलोय, तो गप्प आहे. तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि कपात चहा ओतला.

बायकांना सापडतं. घरात माझा चष्माही तिलाच सापडतो.

फोटो अठरा, त्यातले चार बरे. जागा मला फार आवडली. इतकी शांतता शहरात राहून विसरायलाच होतं.

१४ जानेवारी, मंगळवार

हिबाचा मेसेज. फोटो "सो क्यूट", पण तोंड मिटलेलं, गळा सपाट. गळा फुगलेला हवा. म्हणजे तो बोलत असतानाच क्लिक करायचं. "वेट फॉर द कॉल, अब्बा." वाट बघायला माझी ना नाही. आयुष्यभर डिलिव्हरीच्या वाटा बघितल्यात.

२० जानेवारी, सोमवार

स्टोअरमध्ये गडबड. तिसऱ्या मजल्यावरून नव्या सिस्टरचा फोन आला, ड्रेसिंग पॅक पाठवा. मी पंधरा पाठवले. तिला पन्नास हवे होते. ती म्हणते, मी 'फिफ्टी' म्हटलं. मी स्वच्छ 'फिफ्टीन' ऐकलं. या नव्या मुली शब्दांची शेपटं गिळतात किंवा नसलेली लावतात. कुणाचं काही अडलं नाही, उरलेले अर्ध्या तासात पोचले. पण गुणवंतसाहेब खाली येऊन गेले. ते आमचे परचेस मॅनेजर, अकोल्याचे, वयानं माझ्याहून पंधरा वर्षं लहान. काही बोलले नाहीत. रॅकवरून हात फिरवला आणि गेले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

१ फेब्रुवारी, शनिवार. वादी

झुबेदानं आता पद्धत बसवलीय. आधी ती बसून जागा सांगते. मग मी पोटावर सरपटत जातो आणि ती मागून येऊन माझी बाही धरून बसते. तिनं बाही ओढली की मी क्लिक करायचं. मी म्हटलं, फोटोग्राफर मी आहे. ती म्हणाली, "हो, तुम्हीच. पण मी ओढल्यावर."

तिचे गुडघे दुखतात, तरी तासभर गोट्यांवर बसली. सात वेळा बाही ओढली. सातही वेळा मला जरासा उशीर झाला. पिशवी फुगून पुन्हा बसलेली. एका फोटोत गळा थोडा गोल आलाय, पण तो नुसता जेवलेला बेडूकही असू शकतो.

झुबेदानं माझ्या फोनवर व्हिडिओ काढला. घरी येऊन लावला तर चित्र सुरेख, आवाज नाही. फोनचा स्पीकर गेलेला दिसतो.

२ फेब्रुवारी, रविवार

व्हिडिओ हिबाला पाठवला होता. उत्तर आलं: "ओ माय गॉड, अम्मी, व्हॉट अ व्हॉइस!" तिकडच्या फोनचे स्पीकर चांगले असणार.

८ फेब्रुवारी, शनिवार

सनाइयामध्ये, म्हणजे इथल्या गॅरेज-वर्कशॉपच्या वस्तीत, रेहानच्या दुकानात फोन दाखवला. चाळिशीचा माणूस, कालिकतचा, गेली दहा वर्षं आमच्या घरातले सगळे फोन तोच बघतो. त्यानं एक गाणं लावलं. दुकानातली चार माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली.

"चाचा, स्पीकर ओके है. फुल्ल है."

मी म्हटलं, फुल्ल असता तर मी आलो असतो का? त्यानं काउंटरवरून वाकून माझ्याकडं बघितलं, मग एका छोट्या ब्रशनं स्पीकरची जाळी साफ करून दिली. काही घ्यायला तयार होईना. दारापर्यंत सोडायला आला, रस्त्यावरची गाडी गेल्यावर माझ्या खांद्याला हात लावून "अब जाओ" म्हणाला. भला माणूस. पण काम येत नाही त्याला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गुणवंतसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. टेबलापलीकडं न बसता खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि एकेक शब्द सुटा करून बोलले, जसं आपण अरबी माणसाशी हिंदी बोलतो.

"हनीफभाई, एकदा कान दाखवून घ्या ना. दुसऱ्या मजल्यावर तर जायचंय. लिफ्टनं."

मी म्हटलं, साहेब, सर्दी आहे. ते म्हणाले, "सर्दी तर दोन वर्षांपासून आहे."

मी उठून आलो. वाईट वाटलं. या देशात माणूस कामाला आहे तोवर आहे. एकदा फाइलवर काही लिहिलं गेलं की पुढच्या व्हिसाच्या वेळी कुणीतरी ते वाचणार. दोन वर्षं उरलीत साठीला. तेवढी मला नीट पार पाडायचीत.

आणि मला ऐकू येतं. आमचे अब्बा बहिरे होते, ठार. हर्णैच्या लाँचवर मशीन चालवायचे, साठीच्या आत कान गेले. मग ओटीवर बसून असायचे. सगळे हसले की तेही हसायचे, कधी एकटेच, चुकीच्या जागी. आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो. मी तसा नाही. लोकांनी जरा नीट बोलावं, एवढंच माझं म्हणणं.

घरी झुबेदाला विचारलं, तू काही बोललीस का गुणवंतसाहेबांशी? म्हणाली, नाही. मग खूप वेळ कांदा चिरत बसली. कांदाही जास्त होता.

८ मार्च, शनिवार. वादी. आठवा रोजा

आज इफ्तार तिथंच केला. चटईवर खजूर, कलिंगड, झुबेदाचे सांदण, पाणी. फोनवर अजानचा अलार्म लावला होता, तो वाजलाच नाही बहुतेक. मी घड्याळाकडं डोळे लावून बसलो होतो, तेवढ्यात झुबेदानं माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि खजूर पुढं केला. तिला वेळ बरोबर कळते.

हल्ली ती सारखी हात लावून बोलते. खांद्याला, दंडाला, कधी गालालाही. अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला. माणसाला इतक्या उशिरा प्रेम सुचतं, याची नोंद कुठल्या फील्ड नोट्समध्ये करायची ते हिबाला विचारता येणार नाही.

इफ्तारनंतर बाही पाच वेळा ओढली. एका फोटोत पिशवी अर्धी आलीय, फुग्यात पहिली फुंकर मारल्यासारखी. हिबाचं उत्तर: "सो क्लोज!!" दोन उद्गारचिन्हं. पुढच्या वेळी मिळणार, इन्शाल्ला.

२४ मार्च, सोमवार

काल जे झालं ते क्रमानं लिहितो.

काल, रविवारी, दुपारी आम्ही वादीत पोचलो. डोक्यावर ऊन होतं. पूर्वेला, ओमानच्या बाजूच्या डोंगरावर काळे ढग होते. मी ते बघितले होते. बघितले नव्हते असं लिहिता येणार नाही. म्हटलं, ते तिकडं आहेत, आपण इकडं. झुबेदा म्हणाली, "आज राहू दे." मी म्हटलं, अर्धा तास, खलास.

ती वर गाडीपाशी थांबली. इफ्तारची पिशवी लावायची होती, गुडघाही दुखत होता. मी एकटाच उतरलो. बेडूक प्रवाहाच्या मध्यावर, गोट्यांच्या एका उंचवट्यावर बसला होता. भर दुपारी असा उघड्यावर कधी सापडला नव्हता. मी पलीकडं जाऊन पोटावर पडलो. ट्रायपॉड बाजूला, कोपरं गोट्यांत. तीन फुटांवर तो. गळा हलत होता. म्हटलं, आज बाही ओढायला कुणी नाही, आज मी माझ्या डोळ्यांनी पकडणार.

किती वेळ गेला माहीत नाही. कुठंतरी घरघर जाणवली. तिकडं खडीच्या खाणी आहेत, वाटलं टिप्पर चाललेत. मग पोटाखालचे गोटे थरथरल्यासारखे वाटले. तेही मी टिप्परच्याच खाती घातलं. बेडकानं एकदम उडी मारली आणि काठाच्या खडकावर चढला. मी त्याला शिवी दिली. रोजा असताना.

आणि कुणीतरी माझी कॉलर धरली.

झुबेदा होती. एका पायात चप्पल, ओढणी खांद्यावरून घसरलेली. तोंड उघडत होती, मिटत होती. मला एक शब्द कळला नाही. तिनं वरच्या अंगाला हात केला आणि मी बघितलं. वळणावरून पाणी येत होतं. पाणी म्हणवत नव्हतं त्याला, मातीची भिंत होती. पुढ्यात अख्खी झाडं, एक निळं पिंप.

ती मला ओढत होती आणि मी तिला. पाणी पिंढऱ्यांना लागलं, मग गुडघ्यांना. काठाच्या शेवटच्या खडकावर तिचा पाय सटकला, ती हातावर पडली. मी कण्हेरीचं खोड एका हातानं धरलं आणि दुसऱ्यानं तिला वर खेचलं. आम्ही वर पोचून मागं बघितलं, तर तो गोट्यांचा उंचवटा नव्हता. ट्रायपॉड नव्हता. जिथं मी झोपलो होतो तिथून एक झाड वाहत गेलं.

जमिनीवर बसलो. तिचं मनगट वाकडं झालं होतं. तिचे ओठ हलत होते. मी कान अगदी तिच्या तोंडाशी नेला. तिचा आवाज पूर्ण बसला होता, नुसती हवा येत होती.

"किती ओरडले. किती ओरडले मी."

रागानं नव्हती म्हणत. मोजदाद चुकल्यासारखी म्हणत होती.

एक म्हातारा अमिराती पिकअप घेऊन थांबला. आम्हाला बघून आधी हिंदी-अरबीत खूप बोलला, हात आभाळाकडं, हात वादीकडं, कपाळाला हात. सगळं बरोबरच असणार. मग स्वतःच्या डोक्यावरच्या गुत्र्यानं झुबेदाचं मनगट बांधलं, दोघांना गाडीत घातलं आणि धैदच्या हॉस्पिटलला आणून सोडलं. सूर्य बुडून मगरिब झाली तेव्हा आम्ही इमर्जन्सीच्या बाकावर होतो. त्यानं गाडीतून खजूर आणि लबन, म्हणजे इथलं ताक, आणून दिलं. जाताना झुबेदाकडं बोट करून मला म्हणाला, "हबीबी, ये औरत नहीं, जान है तेरा." हे मात्र मला ऐकू आलं. तो माझ्या अगदी समोर उभा होता.

मनगट दोन जागी मोडलंय. प्लास्टर सहा आठवडे.

रात्री झोप लागली नाही, म्हणून आत्ता पहाटे सहरीच्या जेवणानंतर हे लिहितोय. ती गाडीपाशी होती. वर. पाणी तिथपर्यंत पोचणार नव्हतं. तिला खाली उतरायचं काही कारण नव्हतं. तिनं हाक मारली असती आणि मी वर आलो असतो, एवढाच तो प्रसंग. हाका तिनं मारल्या. मी ऐकलं नाही म्हणून दुखऱ्या गुडघ्यानं ती त्या गोट्यांवरून पळत आली. पुरात. माझ्यासाठी.

बेडकानंसुद्धा ऐकलं होतं.

२५ मार्च, मंगळवार

डॉक्टरांनी झुबेदाला आठवडाभर बोलायला मनाई केलीय, घशाला सूज आहे. ती कागदावर लिहून दाखवते. सकाळी लिहिलं: "डाळीत मीठ नाही." डाळ मी केली होती. दुपारी लिहिलं: "ऑफिसला जा, मी मरत नाही." संध्याकाळी मी कागद तिच्याकडून घेतला आणि लिहिलं: उद्या दुसऱ्या मजल्यावर जातो. तिनं बघितलं, कागदाची घडी घातली आणि उशीखाली ठेवली.

२६ मार्च, बुधवार

काचेच्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ वाट बघत बसलो, वाटलं मशीन सुरू व्हायचंय. बाहेर बसलेल्या मॅडम बटणांमागून बटणं फिरवत होत्या.

दोन्ही कान. डावा जास्त. मॅडमनी विचारलं, कधी मोठ्या आवाजात काम केलंय का? सांगितलं, या देशात आल्या आल्या सहा वर्षं दुबईत, रास अल खोरला जनरेटरच्या वर्कशॉपमध्ये. रात्री करामाच्या खोलीवर परतलो की दोन-दोन तास कानात शिट्टी वाजायची. खोलीतले आम्ही आठही जण त्यावर हसायचो. मॅडमनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, "अंकल, पाच वर्षं तरी झाली असतील. घरी कुणाला कळलं नाही?"

मी म्हटलं, घरी कळलं होतं.

मग गुणवंतसाहेबांकडं गेलो. रिपोर्ट स्वतःच त्यांच्या टेबलावर ठेवला. फाइलला जायचा तर माझ्या हातानं जाऊ दे. त्यांनी वाचला, खुर्ची पुढं घेतली. म्हणाले, "स्टोअरच्या ऑर्डरी आता फोनवर घ्यायच्या नाहीत. सगळ्यांनी सिस्टिममध्ये टाकायच्या. सर्क्युलर काढतो, तुमचं नाव येत नाही त्यात." मग म्हणाले, "माझ्या वडिलांनी शेवटपर्यंत कानाला मशीन लावलं नाही, हनीफभाई. आम्ही बोलणंच सोडून दिलं त्यांच्याशी. त्याचं मला आता..." पुढचं बोलले नाहीत. की बोलले आणि मला ऐकू आलं नाही, सांगता येणार नाही.

३ एप्रिल, गुरुवार

ईद घरीच झाली. शेजारच्या यम्नाबाजींनी बिर्याणी पाठवली, शीरखुर्मा मी केला, तो खाल्ला गेला.

आज मशीनं बसवली. शेंगदाण्याएवढी, कानामागं. पहिल्यांदा वाटलं, घरात कुणीतरी शिरलंय. तो फ्रिज होता. फ्रिज इतका बोलतो हे मला माहीत नव्हतं. माझ्या चपला, वर्तमानपत्राचं पान, नळ. गाडीत इंडिकेटर टिकटिक करतो, मी दचकून गाडी कडेला घेतली. हे सगळं इतकी वर्षं चालूच होतं.

हिबाचा फोन आला. तिला 'र' म्हणताना अजून किंचित अडखळायला होतं, लहानपणी व्हायचं तसं. मला वाटत होतं, ते केव्हाच गेलं. मी कानामागच्या मशीनवर बोट ठेवून नुसता ऐकत बसलो.

"अब्बा? आर यू देअर? आवाज येतोय?"

म्हटलं, येतोय बाळा. तू बोल.

१२ एप्रिल, शनिवार. वादी

निघण्यापूर्वी हवामान दोनदा बघितलं. कुठंच ढग नाही. शौकाच्या टपरीवर चहा घेताना तिथल्या माणसालाही विचारलं. मग उतरलो. प्लास्टरवाल्या हाताला मी धरलं नव्हतं, चांगल्या हाताला धरलं होतं.

जागा ओळखू येईना. काठ खरवडून निघालेत, निम्मी कण्हेर गेलीय, नवे तीन डोह झालेत. आणि पाणी बेडकांनी भरलंय. उथळ कडेला काळ्या मण्यांच्या लांबच लांब माळा पसरल्यात, अंड्यांच्या. काही माळांतून पिल्लं सुटलीत, डोकं आणि शेपूट, एवढंच. पुरानं सगळं वाहून नेलं असेल असं मी धरून चाललो होतो. हे लोक पुराचीच वाट बघत होते.

आवाजाबद्दल लिहायला हवं. कोरडा, घासल्यासारखा, एकानं काढला की पलीकडचा दुसरा काढतो, मग तिसरा. सुरेल अजिबात नाही. चौदा-पंधरा नर असावेत. मी उभा राहून ऐकत होतो तर झुबेदानं विचारलं, "मी सांगू कुठं आहे?" म्हटलं, थांब. डाव्या हाताला, चपट्या दगडाच्या मागं. जाऊन बघितलं, होता.

पाच वाजून पन्नास मिनिटांनी फोटो मिळाला. पिशवी पूर्ण फुगलेली, गोल, इतकी ताणलेली की मागचं पाणी तिच्यातून दिसतंय. झुबेदाला स्क्रीन दाखवली. ती म्हणाली, "केवढा गर्व आहे बघा त्याला." हिबाला पाठवला. रेंज नव्हती, घरी पोचल्यावर जाईल.

मग खडकावर बसलो, पाय पाण्यात. तिचा घसा आता बरा आहे, पण डॉक्टरांनी जोरात बोलायला अजून मना केलंय. ती हळू बोलत होती. सुरुवातीला इकडचं तिकडचं. मग पाण्याकडं बघत म्हणाली,

"मागच्या ऑगस्टमध्ये मला छातीत गाठ लागली होती. तुम्ही ड्युटीवर असताना जाऊन दाखवून आले. त्यांनी सुई घालून तपासायला घेतलं. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. काही नव्हतं. साधी गाठ."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"सांगायला बसले होते. जेवणाच्या टेबलावर, दोनदा. पहिल्यांदा सांगितलं, तुम्ही म्हणालात, काय? पुन्हा सांगितलं, पुन्हा म्हणालात, काय? असली गोष्ट ओरडून कशी सांगायची? यम्नाबाजींना भिंतीपलीकडं ऐकू गेली असती, तुम्हाला नसती गेली. मग म्हटलं, उद्या भाजी कुठली करू विचारत होते."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, भेंडी."

तिला हसू आलं. मला आलं नाही. मला ती संध्याकाळ आठवत नाही. भेंडी झाली असणार, आणि मी जेवलोही असणार.

मी म्हटलं, आता सांग. ती म्हणाली, सांगितलं की सगळं. म्हटलं, नाही. आठही दिवस सांग. पहिल्या दिवसापासून. कुठल्या टॅक्सीनं गेलीस, कुणाशेजारी बसलीस, घरी येऊन काय केलंस.

"आता कशाला ते?"

"मला ऐकायचंय."

तिनं पाय पाण्यातून वर घेतले, ओढणीनं पुसले, आणि सांगायला लागली. हळू, न थांबता, मध्येच एखादी गोष्ट विसरली की मागं जाऊन. मी एकदाही 'काय?' म्हणून विचारलं नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत येईतो अंधार पडायला लागला. उरलेले पाच मी गाडीत ऐकले.